वेगळी चूल

ज्या रात्री न्ताते मोजालेफा पक्षातून बाहेर पडले
त्या रात्री घरी जायच्या आधी ते माझ्या दुकानात आले.
चोवीस मीटर हिरवं आहे का, म्हणाले.
मी म्हटलं, हिरवं लोकपक्षाचं. त्यांचा अ‍ॅडव्हान्स घेतलाय.
ते शिलाई मशीनच्या पायट्याकडे बघत राहिले.
जून महिना, डोंगरावर बर्फ,
आणि एकवीस वर्षं पक्षाचं ब्लँकेट पांघरलेला हा माणूस
नुसत्या शर्टावर.
ब्लँकेट कचेरीतल्या खुर्चीवर ठेवून आलो, म्हणाले.
घडी घालून.

शेवटी पांढरं नेलं. उधार.

का बाहेर पडले, ते माफेतेंगमध्ये
ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळं होतं.
कुणी म्हणे, मेंढ्यांच्या औषधाचे पैसे कुठे गेले
असं त्यांनी भर अधिवेशनात विचारलं.
कुणी म्हणे, मंत्र्याच्या मुलीच्या लग्नात
त्यांना ड्रायव्हरांच्या रांगेत जेवायला बसवलं.
दोन्ही खरं असणार.
माणूस एका कारणानं रागावतो
आणि दुसऱ्या कारणानं निघतो.

पक्षाचं नाव: खरा लोकपक्ष.
छत्री गेलेली, घोडा गेलेला, किल्लीसुद्धा गेलेली;
आयोगानं उरलेल्यातून चिन्ह दिलं
तीन पायांचं लोखंडी भांडं.
वेगळी चूल आमची, भांडं सरकारी,
असं मी म्हटलं तर सगळे हसले,
ते नाही हसले.
ते रात्रभर माझ्याशेजारी बसून
भांड्याचे पाय मोजत होते, प्रत्येक झेंड्यावर.

आता आमच्या गावात
दारापुढच्या काठीला पांढरं फडकं म्हणजे
आत जोआला तयार आहे,
ज्वारीची, आंबलेली, कोमट.
हे लहान पोरालाही कळतं.
न्ताते मोजालेफांना कसं नाही सुचलं,
किंवा मला, जिनं कापड कापलं?
पहिल्या सभेला अकरा माणसं आली,
अकराही जणांच्या हातात डबे.
त्यांनी जाहीरनामा वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत,
तो संपल्यावर मागून एक म्हातारा म्हणाला,
बरं, आणि जोआला?

मे मात्सोतेल्लोनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं
आणि दुसऱ्या दिवशी ज्वारी भिजत घातली.
सभासद चौसष्ट झाले.

मतं दोनशे सहा.

मग सेखोबे, सरचिटणीस, रबरी शिक्का खिशात घालून गेला
आणि एकोणीस माणसं.
तोही आधी माझ्याकडेच आला.
पांढरं नको, म्हणाला, त्याला दारूचा वास येतो,
आम्ही मूळ खरा लोकपक्ष, आम्हाला पिवळं दे.
पिवळं म्हणजे मक्याची, हे मी त्याला सांगितलं नाही.
रोख पैसे होते त्याच्याकडे.

न्ताते मोजालेफा गेले त्या ऑगस्टात
लोकपक्षानं कचेरीतलं ब्लँकेट परत पाठवलं,
अजून घडीतच, वर धुळीचा चौकोन.
सेखोबेनं शिक्का आणला होता, का ते विचारू नका,
सगळ्यांच्या देखत मुठीत धरून उभा होता.
बैल एकच होता,
त्याच्या वाट्यावरून मात्र भांडण झालं नाही.

पक्षाची नोंद रद्द झाली तरी
मात्सोतेल्लोच्या दारात तो झेंडा असतो,
शुक्रवारी, शनिवारी.
भांडं धुवून धुवून फिकं पडलंय,
एक पाय तर दिसतही नाही.
येणारे डबा घेऊन येतात, वर बघतात, आत जातात.
ती माझी उधारी डब्यांत फेडते आहे,
मीटरला एक डबा असं आमचं ठरलंय.
आज सतरावा.
जरा आंबट होती. मी काही बोलले नाही.