धुक्याचा नमुना

ऐरोलीच्या पुलावरचा तिसरा दिवा
माझ्या फोटोत भलताच पुण्यवान दिसतो.
डोक्याभोवती कडं, कड्याभोवती दुधाळ साय,
आणि खालचं खाडीचं पाणी
ताक सांडल्यासारखं.

दोष कुणाचा, हे ठरवायची एक रीत असते.
आधी ब्लँक घ्यायचा.
रबाळ्याच्या रंगाच्या कारखान्यात चौतीस वर्षं
नव्या पोरांना मी हेच सांगत आले:
नमुन्यावर खापर फोडण्याआधी
रिकामी परीक्षानळी वाचा.

म्हणून आधी माझे डोळे.
वाशीच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून पाहिलं,
मोतीबिंदू अजून लांब आहे म्हणाल्या.
मग हवा. त्याच रात्री, त्याच गच्चीवरून
भाच्यानं मोबाइलवर तोच दिवा काढला:
साधा, खांबावरचा, महापालिकेचा दिवा.
मग पुढचा फिल्टर काढून. कडं तसंच.
मग झडप दोन पॉइंट आठवरून आठवर.
कडं आक्रसलं, साय राहिली.

उरली एकशे पस्तीसची लेन्स,
चौऱ्याऐंशीच्या बोनसातून घेतलेली,
जिच्यापायी मी आईला सांगितलं होतं
की यंदा बोनस झालाच नाही.

न्हाणीघरातला दिवा घालवून
मागून बॅटरी लावली, तिरकी.
सरळ बघायचं नाही, सरळ सगळंच स्वच्छ दिसतं.
तिरक्या उजेडात, आतल्या भिंगावर,
कुणी हा करून
पुसायचं विसरून गेल्यासारखी वाफ.
बुरशी असती तर फांद्या दिसत्या.
भिंगांमधला डिंक सुटता तर कडेला सप्तरंग.
हे नुसतं पांढुरकं. एकसारखं. सभ्य.
वहीत लिहिलं: ग्रीसची वाफ असावी.
'असावी'खाली रेघ मारली.

राबोडीत हनीफ खतीब जिन्याखाली बसतात.
पुढ्यात एक पोट उघडलेला प्रोजेक्टर,
कुणाची तरी दुर्बीण, चहाच्या बशीत स्क्रू.
माझी वही त्यांनी आदरानं बाजूला ठेवली.
बॅटरी घेतलीच नाही.
मागचं झाकण फिरवून लेन्स नाकाशी नेली,
खरबूज घेताना नेतात तशी,
आणि म्हणाले,
"बाई, ही कपड्यांत ठेवली होती काय?"

कपड्यांत. लोकरीच्या. लोखंडी ट्रंकेत.
एकोणीस वर्षं,
चार कोपऱ्यांना चार डांबरगोळ्या,
दर दिवाळीला नव्या.
जपून.

नॅप्थलीन.
ज्याच्या गोण्या मोजल्या,
ज्याचा द्रवणांक झोपेतही सांगेन, ऐंशी,
जे घन असतानाच उडतं
आणि गार जागा बघून पुन्हा बसतं,
संप्लवन, फळ्यावर किती वेळा लिहिलं,
आणि मला वासच आला नाही.
येणार कसा.
मी कामावरून परतले की
आई दारातूनच म्हणायची, आली बघा ट्रंक.

खतीबांनी पैसे घेतले नाहीत.
"बसलंय तसं उठेल.
झाकणं काढून ठेवा, उन्हात नको.
पाकळ्यांवर थोडं तेल आहे, ते नाही उठायचं.
ते मग बघू. घाई काय आहे."

आता ती खिडकीपाशी, उघडी,
पीठ चाळायच्या चाळणीखाली.
रोज सकाळी बॅटरी, तिरकी, आणि टीप.
सोमवार: साय पातळ.
गुरुवार: कडेनं काच दिसू लागली.
रविवारी रात्री पुलावरचा दिवा काढला,
कडं आहे, पण
आता खांबही आहे.

नाक लावून बघते. काही नाही.
शेजारची ईरा येते, तिला म्हणते,
तू सांग, येतो का गं वास?
ती डोळे मिटून हुंगते. पुन्हा हुंगते.
"थोडासा. तुझ्या शालीसारखा."

लिहिलं: थोडासा.
निरीक्षक, ईरा मढवी, वय सात.