उद्याची यादी

उद्या चार वाजता, घोडपदेव.
रात्रीचे साडेनऊ झालेत
आणि माझ्या कागदावर आठच नावं.
बाकी तीन जागांवर मी पेनाचं टोपण चावतोय.

एक नंबर, हेमू निजाई.
गुरुवारी पहाटे भाऊच्या धक्क्यावर
बर्फाची लादी निसटली, हातावर आली.
करंगळी आणि तिची शेजारीण
दोघी भाजलेल्या वांग्यासारख्या.
म्हणतो, अण्णा, आठ बोटं पुरतात,
चेंडू काय मोजून घेतो?

नऊ नंबर, एल्रॉय.
मांडीची मागची शीर.
चाळीचा जिना तो उलटा उतरतो, कठडा धरून.
आई दारात असली तर मात्र सरळ,
आणि खाली पोचल्यावर पाण्याच्या टाकीमागे
पाच मिनिटं गप्प उभा राहतो.

वसीमची दुखापत जिभेला आहे.
पंचांना तो काय म्हणाला
ते लीगच्या पत्रातसुद्धा लिहिलेलं नाही.
एक सामना बाहेर.

आमचेही एकोणीस गुण, त्यांचेही एकोणीस.
जिंकेल तो वरच्या डिव्हिजनला.
हरेल तो इथेच,
आणि इथे कसं असतं ते आम्हाला
नऊ वर्षांपासून पाठ आहे.

मागच्या खेपेला घोडपदेवनं आम्हाला तीन घातले
तेव्हा आमच्याच नाक्यावरच्या बबन चहावाल्यानं
त्यांच्या पोरांना फुकट चहा पाजला.
मूळचा तिकडचा तो. आम्ही त्याला माफ केलेलं नाही.
चहा तिथेच पितो.

त्यांचा स्टॉपर रत्नदीप शिगवण.
तो पाय घालत नाही, घाई करत नाही,
नुसता उभा राहतो, आणि समोरच्याला
आपण कुठे निघालो होतो तेच आठवत नाही.
तो असला की एल्रॉय धडधाकट असूनही लंगडतो.

आज संध्याकाळी हेमूला घेऊन गेलो
कॉटन ग्रीनच्या गोदामांमागे, कासमभाईंकडे.
हाडं बसवतात. बिल देत नाहीत, नाव विचारत नाहीत.
पडदा सारला तर बाकावर
रत्नदीप शिगवण.
पँट वर दुमडलेली,
डावा गुडघा सोललेल्या नारळाएवढा.
शेजारी त्यांचा चिटणीस शिरोडकर,
तोंडासमोर पेपर, पेपर उलटा.

कोणी काही बोललं नाही.
मोहरीच्या तेलाचा वास होता
आणि पंख्याची एक पाती कुठेतरी घासत होती.
कासमभाईंनी जुनी लुंगी टराटरा फाडली,
निळ्या चौकटींची.
अर्धी त्या गुडघ्याला,
अर्धी या बोटांना.
रत्नदीप उठला तेव्हा त्याची एक चप्पल
बाकाखाली लांब गेली होती.
हेमूनं पायानंच ती पुढे सरकवली.
"मोज्यात कापूस घाल," रत्नदीप म्हणाला,
"करंगळीच्या बाजूनं."
एवढंच.

आता एल्रॉयचा फोन.
अण्णा, उद्या त्याला कुठून काढू?
आतून की बाहेरून?

एकवीस वर्षं चिटणीस आहे मी.
प्रतिस्पर्ध्याचा गुडघा हातात आला
तर तो सोडायचा नसतो, हे मीच शिकवलंय पोरांना,
जर्सीच्या पैशांसाठी दारोदार फिरताना,
मैदानाचं भाडं उसनं आणताना.
डाव्या बाजूनं जा, एवढं म्हणायचं.
तीन शब्द.

"शीर कशी आहे तुझी?" मी विचारलं.
बरी आहे, तो म्हणाला.
खोटं बोलला. मी त्याचं नाव लिहिलं.
"झोप आता. जेवलास का?"

पुलाच्या पलीकडे शिरोडकरही
जागाच असेल, पेन घेऊन.
त्याचाही फोन वाजला असेल,
कोणीतरी विचारत असेल,
त्यांचा किपर वरच्या चेंडूला कसा आहे आज?

एक: हेमू निजाई. लिहिलं.
खिडकी उघडी ठेवलीय.
पुलापलीकडचं इथे ऐकू येत नाही,
कधीच आलेलं नाही.
तरी.