हिरव्या दोऱ्याचं बटण

(गिकोंबा बाजार, नैरोबी)

हा नको, नेकेसा. काळा असला तरी नको.
बाह्या बघ, पेरांपर्यंत येतायत.
समोर बसलीस की वाटेल,
थोरल्या बहिणीचा घालून आली.
आणि तो लाल लग्नाला ठेव.
बँकेत लाल फक्त शाईत असतं,
तेही दुसऱ्याच्या खात्यात.

हा घे, राखाडी.
पहाटे गाठोडं फुटलं तेव्हाच बाजूला काढला.
कुठल्याशा थंड गावचा असावा,
खिशात बसचं तिकीट होतं,
अक्षरं माझ्या ओळखीची नाहीत.
अस्तर जाड आहे. घाम येईल. येऊ दे,
तो आतल्या आत राहील.

हात वर कर.
काखेत उसवतोय जरा,
म्हणून लांबून कुणाला हात दाखवायचा नाही.
जवळ जायचं, मग हात पुढे करायचा.
मटाटूत अंगात घालू नकोस,
उलटा करून मांडीवर घे.
चिखलातले बूट पुलापाशी बदल,
दुसरे वाइथिराकडून माग, दिवसाच्या बोलीवर.

मी? गेले होते ना त्या काचेच्या इमारतीत.
एकदाच. कर्जाचा अर्ज घेऊन.
चर्चचा निळा झगा, डोक्याला धुतलेलं फडकं,
आईच्या वेळचे मणी.
आरशात पाहिलं तर शोभत होतं.
दारावरचा म्हणाला, मावशी,
सफाईवाल्यांचं दार मागच्या बाजूला.
गोड बोलला हो. उद्धट नव्हता.
अंगात ब्लेझर. सगळी बटणं काळ्या दोऱ्यानं,
खालून दुसरं हिरव्यानं.

त्या दिवशी काळी रीळ संपली होती माझी.
म्हटलं होतं, कोण बघतंय एवढं.

मागच्या दाराने गेले नाही.
पुढच्याही नाही.
अर्ज अजून त्या डब्यात आहे,
सुया खोचायला बरा पडतो.

किती आहेत तुझ्याकडे? चारशे?
साडेतीनशे दे. भाड्याला ठेव उरलेले.
ताठ उभी राहा, खांदा बसू दे.
आणि ऐक, दारावर अजून तोच असला
तर भांडू नकोस.
एव्हाना ते बटण लोंबत असेल त्याचं.
म्हणावं, गिकोंबात ये एकदा,
न्यागुथी फुकट लावून देईल,
काळ्या दोऱ्यानं.