ठशाची भेग

बुधवारी जुन्या बाजारात
नळाच्या तोट्या, घड्याळांची आतडी, एका हाताची बाहुली,
आणि मन्सूर अत्तारच्या फडक्यावर
शिवराई पैशांच्या ढिगात ही उपरी:
केस मोकळे, मान उजवीकडे, नाक झिजून सपाट.
"राणी कुठली?"
"राणी नाही साहेब, अमेरिका आहे."
आठशे म्हणाला. साडेपाचशेला सुटली.

साल सतराशे अठ्ठ्याण्णव.
त्या साली हे पुणे कुणाचं होतं ते मला ठाऊक आहे,
हे नाणं कुणाच्या कनवटीला होतं ते नाही.

चाळीस वर्षं प्रुफं वाचली,
डोळ्याला चुकीचीच चटक.
रात्री टेबलावरच्या दिव्याखाली, दहापटीच्या भिंगातून
आठ लहान की मोठा,
मानेमागे बट एक की दोन,
मागच्या बाजूला देठाजवळची फळं मोजायची,
पानाचं टोक कुठल्या अक्षराच्या पायाशी येतं ते बघायचं.
झेरॉक्स केलेल्या पुस्तकात ठशांच्या जोड्या मांडल्यात
पत्रिका जुळवाव्या तशा.
दोन जोड्यांवर माझं अडलं.
काठापासून केसांकडे एक रेघ जात होती
आणि मळात बुडत होती.

तांबट आळीत वडकेंनी मांडीपुढचा हंडा बाजूला सारला.
भिंग घेतलं नाही. डोळे मिटून नख फिरवलं.
"ओरखडा असता तर नख आत गेलं असतं.
हे वर आलंय. ठसा तडकला होता हो."
मग जरा थांबून,
"तरी छापतच राहिले. नवा ठसा म्हणजे पोलाद आणा,
कारागीर बसवा… मीही तेच केलं असतं."
पलीकडे मठारकाम चालू होतं,
पुढचं नीट ऐकू आलं नाही.
सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा परक्याची चालढकल
ते आपल्या अंगावर घेत होते, एवढं कळलं.

दर्जा पेन्सिलीनं लिहिला: बरा. काठ शाबूत.
रंग: जुन्या गुळाचा.

गुरुवारी आंघोळ करून आलो तर
शालननं ताम्हन, पळी, पंचपात्र
चिंच-मीठ लावून, धुऊन उन्हात मांडलेलं,
आणि रांगेत शेवटी ती.
लालबुंद. बाळंतिणीच्या खोलीतून आत्ताच आणल्यासारखी.
"टेबलावर पडलं होतं. काय अवकळा आली होती त्याला!
आता बघा."

मी बघितलं.
भिंग आणलं, कारण हात कशात तरी अडकवायला हवे होते.
मळ गेला होता. रेघ फितीपाशी दुभंगत होती,
दुसरा फाटा बारीक, कोळ्याच्या धाग्याएवढा,
पुस्तकात खालच्या जोडीला दिलाय अगदी तोच.
तीन आठवडे न सुटलेलं
लिंबाएवढ्या चिंचेनं सोडवलं,
आणि गुळाचा रंग मोरीतून गेला.
तो परत यायला मी पुरणार नाही.

"छान निघालंय ना?"
"निघालंय," म्हणालो. खोटं नव्हतं ते.

पाकिटावरची पेन्सिल खोडून शाईनं लिहिलं:
ठसा नक्की. भेग शेवटच्या अवस्थेतली.
दर्जा: घासलेलं.
शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ काही सुचेना.
आत ती पळी पुसून देवापाशी ठेवत होती,
तिचा आवाज आला.
"चिंच, मीठ, गुरुवार," लिहिलं.
पुढे तिचं नावही लिहिलं गेलं. ते राहू दिलं.