बोटभर साल

जानेवारीत इड्वल प्राइस आला
रस्त्याकडेचं माझं कुंपण आडवं घालायला.
टालगार्थमध्ये चहाशिवाय कोणी कोयता उचलत नाही,
म्हणून आधी चहा, मग हवेबद्दल तक्रार, मग हातमोजे.

मी खिडकीशी. तीन रविवार
देवळाची पायरी चढले नव्हते.
एकोणीस वर्षं शास्त्रपाठ मी वाचला,
नगरी वळणाच्या इंग्रजीत, एकही नाव न अडखळता,
आणि नव्या पाळकबाईंनी तो टोमॉस नावाच्या पोराला दिला.
म्हणाल्या, "तुम्हाला जरा विसावा."
विसावा!
ब्रेकनच्या इस्पितळात छत्तीस वर्षं
रात्रपाळीला उभी राहिलेली बाई मी.

आमचे वडील मिशनशाळेचे हेडमास्तर.
घरात पवित्र शास्त्राखालोखाल एकच वचन:
मोडेन पण वाकणार नाही.
ते मी लुगड्यासारखं कसून नेसले,
नेसूनच विमानात चढले.
शांतवन म्हणायचा, "सत्त्वशीले,
तुझी मान देवानं एकाच हाडाची केलीय."

इड्वलनं हॉथॉर्नचं मनगटाएवढं खोड निवडलं,
बुंध्याशी तिरका घाव घातला.
मग आणखी. मग आणखी.
जवळजवळ आरपार. उरली
बोटभर साल, जिभेसारखी.
मग त्यानं ते झाड चढाच्या दिशेनं
हलकेच आडवं केलं,
ताप आलेल्या लेकराला निजवावं तसं.

मी दार उघडून ओरडले, "मारलंत की हो त्याला!"
तो हसला नाही.
"कमी कापलं तर मोडतं, बाई.
पुरतं कापलं तर वाकतं.
पाणी चढायला एवढी साल पुरते."
आणि नाक पुसून पुढच्या खोडाकडे वळला.

त्या रात्री गुडघे टेकेनात, खुर्चीतच बसले.
रोजची यादी म्हणायला घेतली:
पाळकबाईंना बुद्धी दे, टोमॉसला उच्चार दे,
कार्डिफच्या सुनेला वळण लाव.
मध्येच थांबले.
या यादीत माझं नाव कधी नव्हतंच.

शांतवन गेला, तो एक घाव.
डाव्या हाताची थरथर, ज्यानं भाकरीचं ताट
दुसऱ्याकडे दिलं, तो दुसरा.
दर वेळी मी तुझं मनगट
घट्ट धरून बसले, प्रभू,
वर म्हटलं, तुझी इच्छा पूर्ण होवो.
संपवायचंच असतं
तर बोटभर कशाला ठेवलं असतंस?
"घे," म्हणाले. आमेन म्हटलं की नाही,
आठवत नाही.

मार्च सरला तरी कुंपण मेल्यासारखंच.
मी रोज फांद्या तपासायची.
एप्रिलात बूट पुसायला वाकले तेव्हा दिसलं:
वर काही नव्हतं,
खाली, घावाच्या काठाशी,
मुगाला यावेत तसे मोड.

रविवारी तिसऱ्या बाकावर बसले.
टोमॉस जरुब्बाबेलपाशी अडला.
एकदा. दोनदा. कान लाल.
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
माझी जीभ टाळूला लागलेली होती,
अख्खं देऊळ वाट पाहत होतं,
आणि मी फक्त मान हलवली, हळू,
म्हण, येईल.
तिसऱ्यांदा आलं. चुकीचंच, पण आलं.

काटे आहेत अजून.
नव्या कोंबांनाही येतात, इड्वल म्हणाला होता,
फक्त काही दिवस कोवळे असतात.
परवाच पाळकबाईंना टोचले.
संध्याकाळी फोन करून क्षमा मागितली,
ओठ न चावता.
जवळजवळ.