तिरकी रेघ

आमच्या शाळेत सातच मुलं, आणि बेटावर पोस्ट नाही.
गुरुवारी म्हाताऱ्या आरिस्तिदेसची लाँच येते,
पिठाची पोती, गॅसच्या टाक्या, एखादी बांधलेली मेंढी
आणि मेणकापडात गुंडाळलेली टपालाची थैली.

पहिलीला अक्षरं शिकवायची माझी पद्धत साधी आहे:
लिहायला कुणीतरी दूरचं हवं.
जवळच्यांसाठी तोंड पुरतं.

नेल्दानं आन्कुदच्या मावशीला लिहिलं.
जुळ्यांनी एकाच कागदाच्या दोन बाजू वाटून घेतल्या
आणि भांडून कागद फाडला.
एलिएसेर मात्र दोन दिवस पेन्सिलीला टोकच करत बसला.
त्याचा बाप दरवर्षीसारखा दक्षिणेला गेलेला,
मेंढ्या भादरायला,
या कुरणावरून त्या कुरणावर.
पत्ता म्हणाल तर वाऱ्याचा.

शेवटी चार ओळी झाल्या. एस उलटा.
डुकरिणीला नऊ पिल्लं झाली, एक मेलं.
माझा दात पडला.
तो ठेवलाय.
ये.
आणि पाकिटावर: माझ्या पापाला, रोसामेल नाउएल्किन,
मेंढ्या असतील तिथे.

आता आमच्या भाषेत पापा म्हणजे बटाटा.
शेवटच्या अक्षरावर एक तिरकी रेघ दिली
की त्याचा बाप होतो.
रेघ नव्हती.
मी लाल पेन उचललं. टोपण काढलं.
तो पाकिटाच्या डिंकावर जीभ फिरवत होता, डोळे मिटून,
मग तिकीट नीट चिकटावं म्हणून त्यावर चक्क बसला.
मी टोपण लावलं.
एवढं चुकलं माझं, किंवा नाही चुकलं.

मार्चमध्ये, शाळा पुन्हा उघडली त्या आठवड्यात,
थैलीतून तेच पाकीट परत आलं.
कोपऱ्याला चहाचा डाग, लोकरीच्या तेलाचा वास,
मागे पाच शिक्के, पाच जणांची अक्षरं.
मला वाटलं, आता हा रडणार.
लपवावं का, असंही क्षणभर मनात आलं.
पण त्यानं कोपऱ्यातलं स्वतःचं नाव वाचलं
आणि ओरडला: मला पत्र आलं!

मग गणिताचा तास बुडवून
आम्ही सगळे पाकिटाची पाठ वाचत बसलो.
'इथे नाही. लास मेयीसासला विचारा.'
'सोमवारी निघाला.'
एकानं नुसताच बाण काढलेला.
'हा बटाटा आमच्याकडून सीमेपलीकडे गेला.'
खाली हसरा चेहरा, एक डोळा शाईत बुडालेला.
आणि शेवटी वळणदार, एखाद्या म्हातारीचं असावं:
'ओळखते. जेवताना मुलाविषयी बोलायचा.
पुढचा पत्ता ठाऊक नाही, माफ करा.'

नेल्दानं नकाशावर बोट फिरवत नेलं,
काही कुरणं नकाशात नव्हतीच.
जुळे म्हणाले, पत्र त्याच्या मागे मागेच होतं की,
दर वेळी एक दिवस उशिरा.

एलिएसेरनं पाकीट फोडलं. स्वतःचंच पत्र
परक्याचं असल्यासारखं मोठ्यानं वाचलं.
कुणी लिहिलंय हे, म्हणाला, एस बघा कसा!
मग पुन्हा पाकिटाकडे वळला, त्या शब्दापाशी थांबला.
कान लाल झाले.
बाई, तुम्हाला माहीत होतं?

मी हो म्हटलं.

तो काही बोलला नाही. टोक केलं,
जीभ दाताच्या फटीत घातली,
तिथे आता नवा दात अर्धा आलाय,
आणि ती रेघ दिली. जरा जास्तच जोरात,
कागद फाटेल इतकी.
बाहेर लाँचचा भोंगा वाजला.
ओहोटी लागली की आरिस्तिदेस कुणासाठी थांबत नाही.

जुन्या पाकिटावर नवं तिकीट चालतं का, त्यानं विचारलं.
मला नियम माहीत नव्हता.
मी पर्समधलं तिकीट दिलं, आणि फोडलेल्या कडेला खळ.
या वेळी तो त्यावर बसला नाही,
तळहातानं दाबत, तसाच धक्क्याकडे पळाला.
पत्ता तोच होता:
मेंढ्या असतील तिथे.