साडेचौदा इंच

खाली लेथ, वर आम्ही.
मधे एकोणीस पायऱ्या.
अठराव्या पायरीला ठेच लागते
कारण गवंड्यानं ती अर्धा इंच उंच घेतली,
आणि मी, ज्याच्या हातून दहा मायक्रॉनची चूक
कधी उद्यमनगरच्या बाहेर गेली नाही,
ती चाळीस वर्षं तशीच राहू दिली.

शालनच्या डाव्या अंगावरून वारं गेलं
तेव्हापासून ती वरच.
तीनदा उतरली: दोनदा डॉक्टर, एकदा मतदान.
कारखान्यातली दोन पोरं खुर्चीसकट उचलायची,
कास्टिंग उचलतात तशी, जपून,
आणि ती डोळे गच्च मिटून घ्यायची.
भीतीनं नव्हे. रागानं.

पुण्याहून कंपनीचा मुलगा आला,
गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब.
"काका, तीन मॉडेल आहेत."
मी खिशातून व्हर्निअर काढला.
तो हसला. हसू दे.
आमच्याकडं माणूस काय बोलतो ते कुणी ऐकत नाही,
जबड्यात काय बसतंय ते बघतात.

रेल सरळ. रॅकचे दात एकसारखे.
लाईट गेली तर बॅटरीवर चालणार.
माझं तिथंच ठरलं होतं.
शालन म्हणाली,
"रुळाला काय बघत बसलायसा?
मी काय रुळावर बसणार हाय व्हय?"

मग बैठक.
लाल नको, सलूनची दिसते.
रेक्झिन नको, चैत्रात पाठ सोडत नाही.
हात वर उचलले जाणारे पाहिजेत, नाहीतर पातळ अडकतं.
वर पोचल्यावर खुर्ची गर्रकन वळली पाहिजे,
उतरताना जिन्याकडं पाठ.
बटण उजव्या हाताला,
"आणि ते माझ्याच हातात. तुमच्या नको.
तुम्ही मला जॉब लावल्यागत वरखाली कराल."
मुलगा टॅबवर टिपत होता.
जॉब म्हणजे काय ते त्यानं विचारलं नाही.

"आणि पाय लोंबकळले तर मी बसणार नाही.
शाळेच्या बाकावर सात वर्षं लोंबकळले,
तेवढं बास."

"उंची ॲडजस्ट होते, आज्जी. माप सांगा फक्त."

माप.
मी फरशीवर गुडघे टेकले.
टाचेपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत
पट्टी धरली.
तिनं पातळ घोट्यापासून चार बोटं वर घेतलं
आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिली.
साडेचौदा इंच.
तळव्याचंही घेतलं, पायठेवणीसाठी.
दोनदा घेतलं,
कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही.

लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली.
दर दोन वर्षांनी मीच तिला चपला आणल्या,
अंदाजानं,
आणि सगळ्या एक नंबर मोठ्या.

"सांगायचं नाही?"

"कापूस कोंबत होतो की," ती म्हणाली.

मुलानं पैशांचं सांगितलं. मी घासाघीस विसरलो.

बसवल्यावर पहिल्या दिवशी ती खाली आली,
इतकी सावकाश
की मला तीनदा हात पुसायला वेळ मिळाला.
लेथभोवती बघितलं. किसाचा ढीग बघितला.
"एवढ्या घाणीत राबत होता?" म्हणाली,
आणि बटण दाबून वर निघून गेली.

आता रोज साडेबाराला
खुर्ची रिकामीच खाली येते.
आधी, हात धड होता तेव्हा,
ती कठड्यावर पळी वाजवायची.
मी मशीन बंद करतो,
साबणानं कोपरापर्यंत धुतो,
खाली कालचा पेपर अंथरून बसतो.

गुडघे माझे छातीकडं येतात.
साडेचौदा मला कुठं पुरणार?
लिव्हर हाताशीच आहे, तीन सेकंदांचं काम.
मी त्याला हात लावत नाही.

पायांखालून
अठरावी पायरी निघून जाते.